स्ट्रीमरसाठी महागडा नेटवर्क स्विच घेताय? या चुका टाळा

घरातल्या यंत्रांच्या लॅन वायरी एकत्र जोडणारा डबा म्हणजे स्विच. तो महागडा घेतला की स्ट्रीमरचा, म्हणजे नेटवरून गाणी घेऊन हायफायला देणाऱ्या यंत्राचा, आवाज सुधारतो असं हायफायवाल्यांमध्ये म्हटलं जातं. गेल्या दिवाळीत एका मित्राचा फोन आला. "सत्तर हजारांचा स्विच लावला आणि स्ट्रीमर मोबाइलमध्ये दिसायचाच बंद झाला रे!" घरी जाऊन पाहिलं तर स्विच ठणठणीत होता. त्याने तो इंटरनेटवाल्यांनी बसवून दिलेल्या फायबरच्या डब्याला जोडला होता, आणि मोबाइल होता घरभर लावलेल्या मेश वायफायवर. तो डबाही राउटरचं काम करतो आणि मेशही करतो. त्यामुळे घरात दोन वेगळी नेटवर्कं झालेली. स्ट्रीमर एकात, मोबाइल दुसऱ्यात. स्विचची वायर डब्यातून काढून मेशच्या मुख्य युनिटला लावली आणि दोन मिनिटांत गाणं सुरू झालं. निघायला मात्र रात्र झाली, कारण लगेच पुढचा प्रश्न आला, "पण आवाज सुधारलाय का?"

जोडणी नीट चालते का आणि आवाज सुधारतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जायला सुरुवात होते.

आधी गाणं कुठून कसं येतंय ते पाहा

सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइलला ९.२, आणि डीएसडी २५६ सारख्या चैनीच्या प्रकाराला साधारण २२.६. साध्या १०० मेगाबिटच्या पोर्टचा चौथा हिस्साही त्यात भरत नाही. कित्येक महाग स्ट्रीमरना पोर्टच १०० मेगाबिटचा असतो, त्यामुळे नव्या स्विचवर तेवढ्याच पोर्टचा दिवा वेगळ्या रंगाचा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

इथरनेटवर, म्हणजे लॅन वायरवर, डेटा फ्रेम नावाच्या तुकड्यांत जातो आणि प्रत्येक फ्रेमच्या शेपटीला पडताळणीचा आकडा असतो. वाटेत एखादी फ्रेम बिघडली तर ती टाकून दिली जाते आणि पुन्हा मागवली जाते. आलेला माल स्ट्रीमर आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कोठारात, साठवतो आणि तिथून डॅक (आकड्यांचा आवाज करणारा भाग) तो स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर उचलतो. स्विचमधलं घड्याळ कितीही अचूक असलं तरी त्याचा ठोका डॅकपर्यंत जात नाही. माल खरोखरच वेळेत पोचला नाही तर गाणं तुटतं, थांबतं. तबल्याचा बायाँ बोदा वाटणं हे काही हरवलेल्या फ्रेमचं लक्षण नव्हे.

ही सगळी आकडेमोड निरर्थक ठरते ती मोबाइलवरून ब्लूटूथने गाणी ऐकणाऱ्यांकडे. अशी माणसं मी पाहिली आहेत: रॅकमध्ये लाखोंचा सरंजाम, आणि गाणं मात्र ब्लूटूथने दाबून-चेपून आलेलं. ॲपलच्या एअरप्लेने पाठवलं तरी मोबाइल आधी गाणं स्वतःकडे ओढतो आणि मग पुढे ढकलतो. स्ट्रीमरच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा कनेक्ट, कास्ट अशा सोयींतून लावलं, तर मोबाइल नुसता रिमोट उरतो आणि स्ट्रीमर थेट नेटवरून गाणं घेतो. हा बदल फुकट आहे. तो करण्याआधी स्विचला हात लावू नये.

वायर उपटून ऐका

मग स्विचमुळे काहीच बदलू शकत नाही का? बिट बदलत नाहीत, पण तांब्याच्या वायरवरून बिटांसोबत विजेचा कचराही येऊ शकतो: स्वस्त अडॅप्टरची गळती, वायरच्या शील्डमधून (धातूच्या आवरणातून) जुळलेलं अर्थिंग. इथरनेटच्या पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि प्रमाणानुसार त्याने १५०० व्होल्टपर्यंतचा विलगपणा राखायचा असतो. त्यामुळे बरीचशी घाण तिथेच अडते. वरच्या फ्रिक्वेन्सीची थोडीफार झिरपू शकते. चांगल्या बांधणीच्या स्ट्रीमरने आणि डॅकने तीही आत येऊ देऊ नये, अशी अपेक्षा असते. शक्यता आहे, पण खिडकी अरुंद आहे.

ती तुमच्या घरात उघडी आहे की नाही, हे एका पैशाच्या खर्चाशिवाय कळतं. ओळखीचं गाणं लावा आणि चालू गाण्यात स्ट्रीमरची लॅन वायर उपटा. बफरमध्ये जेवढं आलेलं असेल तेवढं वाजत राहील. काही स्ट्रीमर अख्खं गाणं आधीच उतरवून ठेवतात, काही चार-पाच सेकंदांत गप्प होतात. तुमचा दुसऱ्या जातीचा असेल तर पेन ड्राइव्हवरचं गाणं लावून वायर लावलेली आणि काढलेली, असं आलटून पालटून ऐका. स्पीकरला कान लावून गाण्यांमधली शांतताही ऐका. वायर काढल्यावर घरघर थांबली किंवा आवाज मोकळा झाला, तर नेटवर्कच्या बाजूने काहीतरी आत येतंय, आणि ते अडवण्यावर खर्च करणं योग्य. काहीच फरक पडला नाही, तर ज्या वायरचं नसणंही कळत नाही तिच्या पलीकडच्या टोकाला बसवलेला स्विच काय उजेड पाडणार?

दुकानात ही चाचणी कुणी करून दाखवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

ऑफिसातून निघालेला स्विच

हायफायवाल्यांमध्ये सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट २९६० मालिकेचं जगभर कौतुक आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ऑफिसांतून निघालेली अशी यंत्रं स्वस्तात मिळतात आणि ती दणकट असतात यात शंका नाही. पण ती घरासाठी बनवलेली नाहीत, आणि त्यामुळे होणारा ताप ठरावीक आहे.

पहिला ताप कानाला. २४ पोर्टच्या बहुतेक स्विचमध्ये पंखा असतो. संगीताच्या खोलीत तो ठेवून नेटवर्कचा नॉइज कमी करायला जाणं म्हणजे पंगतीत डबा वाजवत सनई ऐकणं. ८ पोर्टचं छोटं, बिनपंख्याचं मॉडेल शोधा.

दुसरा ताप आधीच्या मालकाच्या सेटिंगचा. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) आहे, कुठल्यावर वेग पक्का करून ठेवलाय, काही कळत नाही. स्विचच्या बाजूला १०० फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं) असं ठोकून ठेवलेलं असेल आणि स्ट्रीमर आपोआप जुळवून घेणारा असेल, तर स्ट्रीमर हाफ डुप्लेक्सवर (आळीपाळीने बोलण्यावर) घसरतो. जोडणी लागलेली दिसते, दिवा हिरवा असतो आणि गाणं मात्र अडखळतं. जुनी सेटिंग पूर्ण पुसल्याशिवाय असा स्विच वापरूच नका.

पुसल्यावरही एक गोम राहते. वायर लावली की असा स्विच घरातल्या वायरींत कुठे वळसा पडून डेटा गोल गोल तर फिरणार नाही ना, याची खातरजमा करतो. जुन्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ शिकण्यात जातात, आणि तोवर पोर्टमधून काहीच पुढे सोडत नाही. तेवढ्यात स्ट्रीमर चालू होऊन राउटरकडे नेटवर्कवरचा पत्ता मागतो, उत्तर येत नाही, आणि तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. ॲपमध्ये तो दिसत नाही. लोक स्ट्रीमर सर्व्हिसला पाठवतात! सेटिंगमध्ये असा पत्ता दिसला तर वायर न काढता आणि स्ट्रीमर बंद न करता, मिनिटभराने सेटिंगमधूनच पत्ता पुन्हा मागवा. तेवढ्याने जमलं, तर त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट पाहणं टाळणारं सेटिंग, चालू करून टाका.

आणखी एक लक्षण फार फसवं आहे. स्ट्रीमर चालू केल्यावर ॲपमध्ये दिसतो, छान वाजतो आणि चार-पाच मिनिटांनी यादीतून गायब होतो. याच्या मुळाशी बहुतेकदा आयजीएमपी स्नूपिंग असतं. घरातली यंत्रं एकमेकांना २३९.२५५.२५५.२५० सारख्या सामायिक पत्त्यावर हाका मारत असतात. स्नूपिंग चालू असलेला स्विच त्या हाका मागणाऱ्यांपुरत्याच पोचवतो. पण कोण मागतंय हे अधूनमधून विचारणारं यंत्र, म्हणजे क्वेरियर, घरच्या नेटवर्कमध्ये बहुधा नसतं. सुमारे २६० सेकंदांनी स्विचला वाटतं की आता कुणालाच ऐकायचं नाही, आणि तो हाका बंद करतो. घरात स्नूपिंग बंद ठेवलं तरी काही बिघडत नाही. ठेवायचंच असेल तर क्वेरियरही चालू करा.

वीज वाचवणारं ग्रीन इथरनेटही बंद करून पाहा. स्टुडिओत नेटवर्कवरून ध्वनी नेणाऱ्या दांते प्रणालीचे निर्मातेसुद्धा ते बंद ठेवायला सांगतात. आणि दोन साध्या स्विचमध्ये 'एकापेक्षा दोन बऱ्या' म्हणून दोन वायरी जोडू नका. वळसा पडतो आणि घरातलं सगळं इंटरनेट आडवं होतं.

वायर, अडॅप्टर, अर्थिंग

कॅट ८ ची वायर ३० मीटरपर्यंत ४० गिगाबिट वाहण्यासाठी, डेटा सेंटरसाठी बनली. ९ मेगाबिटच्या गाण्यासाठी ती घेण्यात नुकसान एवढंच, की जाड आणि ताठ असल्याने ती स्ट्रीमरचा पोर्ट खाली ओढत राहते. चांगल्या तांब्याची कॅट ५ई गिगाबिट १०० मीटर नेते. भीती उलट टोकाची आहे: बाजारात कॅट ६ म्हणून विकली जाणारी स्वस्त वायर अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तार खरवडल्यावर आतून चंदेरी दिसली तर परत करा.

शील्ड असलेली वायर जास्त शुद्ध, हा समज घरी महागात पडतो. दोन्ही टोकांना धातूचे कनेक्टर असले की स्विचचं आणि स्ट्रीमरचं अर्थिंग शील्डमधून जुळतं आणि पोर्टमधला ट्रान्सफॉर्मर बाजूला राहतो. स्विच एका भिंतीच्या बोर्डवर, ॲम्प दुसऱ्या, आणि मध्ये ही वायर: ५० हर्ट्झची घरघर हजर. शेवटच्या टप्प्याला, स्ट्रीमरपाशी, बिनशील्डची साधी वायर लावून पाहा. शे-दीडशे रुपयांत घरघर गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन मात्र कधीही कापू नका. स्ट्रीमरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे तिसरी तार अनेकदा जोडलेलीच नसते.

स्विचच्या अडॅप्टरऐवजी लिनिअर सप्लाय (मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा वीजपुरवठा) घेतलात तर व्होल्ट, पिनची जाडी आणि आतला ध्रुव धन की ऋण हे स्विचच्या तळाला छापलेलं पाहूनच जोडा. पिन घट्ट बसली म्हणजे जुळलं असं नाही. ५ व्होल्टच्या स्विचच्या भोकात १२ व्होल्टची पिन आरामात शिरते. शिवाय हा सप्लाय टर्नटेबलच्या फोनो प्रीॲम्पशेजारी ठेवू नका, त्याचा ट्रान्सफॉर्मर तिथे वेगळीच गुणगुण सोडतो.

फायबरचा तुकडा

वायर उपटल्यावर फरक ऐकू आला असेल तर माझं मत फायबरच्या बाजूने आहे. दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्यावरच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा परत सिग्नल करणारे डबे) आणि मध्ये काही मीटर फायबर. काचेतून वीज जात नाही, विषय संपला. ज्यांच्याकडे केबलवाल्याची तांब्याची वायर अजून गच्चीवरून खाली येते, त्यांच्या स्ट्रीमरला वळवाच्या विजांपासूनही हा तुकडा बराच आसरा देतो.

चुका इथेही ठरलेल्या. एका टोकाच्या कन्व्हर्टरमध्ये ८५० नॅनोमीटरचं मल्टिमोड मॉड्यूल (प्रकाश सोडणारा-घेणारा भाग) आणि दुसऱ्याला १३१० चं सिंगलमोड लावून दिवा लागण्याची वाट बघणं. एका तंतूवर दोन्ही दिशा चालवणारी मॉड्यूल जोडीने घ्यावी लागतात. दोन सारखीच घेतली तर दोघंही एकाच रंगात बोलतात आणि दोघंही बहिरे राहतात. इंटरनेटवाल्याने सोडलेला हिरव्या चौकोनी टोकाचा फायबर इथे चालत नाही, मॉड्यूलना सहसा लहान एलसी कनेक्टर लागतो. काही कन्व्हर्टर फक्त गिगाबिटच बोलतात. स्ट्रीमरचा पोर्ट १०० चा असेल तर विकत घेण्याआधीच विचारा. आणि स्ट्रीमरपाशी बसणाऱ्या कन्व्हर्टरला स्वतःचा अडॅप्टर लागतो, तो भिकार असेल तर अडवलेला कचरा मागच्या दाराने परत आलाच.

सगळं एकदम बदलू नका

स्विच, सप्लाय आणि वायर एकाच संध्याकाळी बदलले की नंतर कशामुळे काय झालं हे कुणीच सांगू शकत नाही. 'दोनशे तास चालू द्या, मग खुलेल' हा सल्लाही मनावर घेऊ नका. दोनशे तास म्हणजे रोज तीन तासांच्या हिशेबाने दोन महिने, आणि परत करण्याची मुदत त्याआधीच संपलेली असते.

ऐकून ठरवायचं तर दुसऱ्याला बदलायला सांगा. स्विच नजरेआड हवेत, आवाजाच्या नॉबला हात नको आणि दहा फेऱ्या हव्यात. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता साधारण एक टक्का असते. तेवढे आले तर मी गप्प बसेन.

मित्राच्या घरी त्या रात्री हेच केलं. त्याची बायको दाराआड बसून जुना आणि नवा स्विच नाणं उडवून बदलत होती, आम्ही सोफ्यावर. तोच मारवा दहा वेळा ऐकला. दहापैकी सहा बरोबर आले. चार का चुकले, तर म्हणे खाली फटाके वाजत होते.