पंचविसाने भागलेली बेल एअर

1957 सालची शेव्हरलेट बेल एअर पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत 200 इंच लांब होती. तिचे 1/25 प्रमाणातील मॉडेल 8 इंचांचे, म्हणजे वीतभराहूनही किंचित लहान भरते. प्लॅस्टिकच्या किटमधून अशी मोटार बांधताना हा पंचविसाचा भागाकार शेवटपर्यंत मनात ठेवावा लागतो, कारण मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या मोटारीवरचे पंचवीस मिलिमीटर. या मार्गदर्शनात मी हीच मोटार उदाहरणादाखल घेतली आहे. कृती मात्र मस्टँगपासून कॅडिलॅकपर्यंत कोणत्याही जुन्या अमेरिकन मोटारीला लागू पडते. मी स्वतः कापूस-सोयाबीनच्या गावात राहून हे काम करतो, त्यामुळे इथल्या ऊन, धूळ आणि पावसाचा हिशेब त्यात आपोआप आला आहे.

पहिले मॉडेल पेटीवरच्या चित्राप्रमाणे, कारखान्यातून निघालेल्या मूळ मोटारीसारखेच बांधावे असे माझे मत आहे. बदल करण्याची मुभा किटमध्ये मुळातच असते. अमेरिकेतील एएमटी या कंपनीने 1958 साली एकाच पेटीतून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीन प्रकारे मोटार बांधता येईल असे किट आणले आणि तेव्हापासून जादा चाके, जादा इंजिनाचे भाग देण्याची पद्धत रूढ झाली. उरलेले भाग फेकू नयेत. ते झाकणाच्या डबीत जपून ठेवावेत, कारण तिसऱ्या-चौथ्या मॉडेलच्या वेळी तीच आपली पुंजी ठरते.

पेटी उघडल्यावर सर्व भाग, ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिच्यासकट, भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यांच्यावर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. भाग हाताने पिळून तोडू नयेत. साईड कटरने थोडे अंतर राखून कापावेत आणि उरलेला खुंट 400 नंबरच्या वॉटर पेपरने घासून काढावा. बॉडीवर, विशेषतः पुढच्या मडगार्डवर आणि मागच्या उभ्या पंखांच्या कडेने, साच्याचे दोन भाग जिथे मिळाले तिथे एक बारीक रेघ उमटलेली असते. ती ब्लेडच्या पाठीने खरवडून 600 आणि मग 1000 नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासावी. बोटाला ती लागली नाही तरी रंगाची चकाकी आली की ती रेघ नांगराच्या तासासारखी उठून दिसते, म्हणून उजेडाकडे तिरपी धरून बॉडी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर चेसिस, आतली बैठक, काचा आणि बॉडी कागदी टेपने तात्पुरती जोडून पाहावी. काय अडते ते रंग देण्याआधी कळले तर घासता येते, नंतर कळले तर रंगही जातो.

आता रंगकाम. मॉडेलचे निम्मे यश यात असते आणि विदर्भात ते ऋतूवर अवलंबून असते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की स्प्रे कॅनमधून निघालेला रंग बॉडीवर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पावसाळ्यात उलट अडचण येते. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि चकचकीत लाल रंगावर दुधाळ पांढरी झाक येते. म्हणून धुणे, घासणे आणि इंजिनाची जुळणी उन्हाळ्या-पावसाळ्यात उरकावी आणि बॉडीचा रंग दिवाळीनंतर हाती घ्यावा. मात्र गावात थ्रेशरवर सोयाबीन निघत असेल तर ते संपू द्यावे, कारण त्याचा भुसा बंद दारातूनही आत येतो. हिवाळ्यात दव ओसरल्यावर, सकाळी दहा ते दुपारी एकपर्यंतची वेळ मला सर्वांत भरवशाची वाटते. सकाळच्या गारठ्याने कॅन थंडगार पडला असेल तर तो पाच मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवावा. चुलीजवळ किंवा उकळत्या पाण्यात कधीही ठेवू नये.

एक चूक मी केली ती इतरांनी करू नये. वेचणीच्या दिवसांत घरातल्या अर्ध्या खोलीत कापूस भरलेला होता आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत मी बेल एअरच्या छताला रंग दिला. हात इतका चांगला बसला होता की मी समाधानाने बाहेर आलो. संध्याकाळी पाहतो तर छताच्या मधोमध कापसाचा एकच तंतू रंगात रुतून बसला होता. कापसाचा तंतू अडीच-तीन सेंटीमीटर लांब असतो. पंचवीसने गुणले तर खऱ्या मोटारीच्या छतावर सत्तर सेंटीमीटरची दोरी पडल्यासारखे ते दिसत होते. रंग पूर्ण वाळेपर्यंत चार दिवस थांबून, तो भाग 1000 नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करून संपूर्ण छत पुन्हा रंगवावे लागले. ओल्या रंगातून तंतू चिमट्याने उचलण्याचा मोह होतो, पण त्याने खड्डा पडतो. तेव्हापासून मी रंगाआधी अर्धा तास अंगणात आणि ओसरीवर पाण्याचा सडा टाकतो, अंगावरचा लोकरी स्वेटर काढून ठेवतो, बॉडी किंचित ओलसर फडक्याने पुसतो आणि रंग दिल्याबरोबर तिच्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचे टोपले पालथे घालतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे स्प्रे कॅन वापरता येतात, परंतु त्यांतील थिनर तीव्र असल्यामुळे तो उघडे प्लॅस्टिक विरघळवून त्यावर भेगांचे जाळे उठवू शकतो. म्हणून आधी प्रायमरचे दोन-तीन हलके हात द्यावेत आणि प्रत्येक नवा रंग प्रथम एखाद्या टाकाऊ प्लॅस्टिकच्या चमच्यावर प्रायमरसह देऊन पाहावा. कॅन वीस-पंचवीस सेंटीमीटरवर धरून फवारा बॉडीच्या अलीकडे सुरू करावा आणि पलीकडे गेल्यावर थांबवावा. पहिले दोन हात इतके विरळ असावेत की खालचा प्रायमर दिसत राहील; दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तिसरा हात ओलसर चकाकी येईल इतका द्यावा. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला तर तो खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटरचा लेप होतो आणि दारांच्या फटी व नावाची अक्षरे त्यात बुजतात, म्हणून एकदाच भरपूर रंग ओतण्याची घाई करू नये. तोंडाला मास्क असावा, दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास चूल किंवा दिवा पेटलेला नसावा.

दोन रंगांची बेल एअर करायची असेल तर फिका रंग आधी द्यावा. त्या काळी शेव्हरलेटच्या यादीत ‘मॅटाडोर रेड’ आणि ‘इंडिया आयव्हरी’ हे रंग होते. आपल्या देशाचे नाव असलेल्या त्या हस्तिदंती रंगाचे छत मला विशेष प्रिय आहे. हस्तिदंती रंग दोन दिवस वाळल्यावर छत टेपने झाकावे, टेपची कड नखाने दाबून त्या कडेवर पुन्हा हस्तिदंतीचाच एक हलका हात द्यावा आणि मगच लाल रंग द्यावा. टेपखाली जे काही झिरपायचे ते हस्तिदंतीच झिरपते आणि लाल रेघ धारदार निघते.

क्रोमच्या भागांवर प्लॅस्टिक सिमेंट धरत नाही, कारण ते प्लॅस्टिक विरघळवून जोडते आणि क्रोमचा थर त्याला प्लॅस्टिकपर्यंत पोचू देत नाही. जोडाच्या जागी तो खरवडावा. बेल एअरची पुढची जाळी मुळात सोनेरी होती, तेव्हा किटमधल्या रुपेरी जाळीवर पारदर्शक पिवळ्या रंगाचा पातळ हात दिला की अगदी तशी झाक येते. बॉडीवरच्या क्रोमपट्ट्यांसाठी चिकट पाठीचा अतिपातळ फॉइल मिळतो, तोच घ्यावा. स्वयंपाकघरातला फॉइल जाड पडतो. काचांना सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे क्षणात चिकटणारा सुपरग्लू, लावू नये, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. साधा पांढरा फेव्हिकॉल पुरतो आणि वाळल्यावर दिसत नाही.

किटमध्ये न दिलेली एखादीच गोष्ट स्वतः करायची झाली तर मी इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या, तारा निवडीन. खऱ्या मोटारीत ही तार सात-आठ मिलिमीटर जाड असते, म्हणजे मॉडेलवर 0.3 मिलिमीटर हवी. पंख्यांचे वाइंडिंग करणाऱ्याकडे 30 गेजची तांब्याची तार असते, ती नेमकी तेवढीच भरते. हातभर तुकडा बहुधा तो तसाच देऊन टाकतो. इंजिन नारिंगी रंगवून घ्यावे. 283 घनइंचाच्या या व्ही-8 इंजिनात डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला क्रमाने वीज वाटून देणारा भाग, मागच्या बाजूला असतो. त्याच्या टोपीवर कडेने आठ आणि मध्ये एक अशी नऊ छिद्रे बारीक ड्रिलने हाताने पाडावीत. मधली तार कॉइलकडे जाते. ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या बाजूला पुढून मागे 1, 3, 5, 7 हे सिलिंडर आणि उजव्या बाजूला 2, 4, 6, 8 असतात. ठिणगीचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2 असा असून टोपीवर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तारा त्याच क्रमाने लावाव्यात. तारा आधीच काळ्या रंगवून, सुईच्या टोकावर घेतलेल्या सायनोअ‍ॅक्रिलेटच्या थेंबाने त्या बसवाव्यात. बॉनेट उघडल्यावर जाणकार माणूस आधी तिथेच पाहतो.

आपल्या मनाचे बदल करताना पहिल्यांदा छत कापून बुटके करण्याच्या मागे लागू नये. चारही खांब एकाच मापाने कापणे आणि पुन्हा सरळ जोडणे अनुभवाशिवाय साधत नाही. मोटार जमिनीलगत बसवणे सोपे आहे. आसाचे छिद्र दोन मिलिमीटर वर घेतले की मोटार दोन इंच खाली आल्यासारखी दिसते, फक्त चाक मडगार्डला घासत नाही ना ते पाहावे. दुसरा बदल आपल्याकडच्या आठवणींशी जोडलेला आहे. शेव्हरलेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला होता आणि मालगुजारांच्या वाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या शेव्हरलेट आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या आहेत. तशी एखादी जुन्या मॉडेलची मोटार बांधायची असेल तर किटमधले डावे सुकाणू उजवीकडे न्यावे लागते. त्यासाठी डॅशबोर्डचे तीन तुकडे करून वेग वगैरे दाखवणाऱ्या घड्याळांचा तुकडा उजव्या टोकाला आणि कप्प्याचा डाव्या टोकाला जोडावा, सांधे पुटीने भरावेत. पेडल आणि स्टिअरिंगचा दांडाही हलवायला विसरू नये. मोटार धुळीने माखलेली दाखवायची असल्यास मलमलीतून चाळलेली माती मॅट वार्निशवर भुरभुरावी. ॲरिझोनातली मोटार असेल तर वावरातली काळी माती चालत नाही, तिथे लाल मुरूमच शोभतो.

तयार मॉडेल टिनाच्या छताखाली उंच फळीवर ठेवू नये. एकदा एक बॉडी मी दुपारी टिनावर वाळत ठेवली होती आणि काचेभोवतीचे बारीक खांब तासाभरात वाकले. जमिनीलगतच्या, मातीच्या भिंतीच्या गार खोलीत काचेच्या पेटीत ते ठेवावे. किटमधले मऊ टायर वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या रिमला टेकून राहिले की त्यांतले तेल रिम खाऊन टाकते आणि उष्णतेत हे लवकर घडते, म्हणून टायर चढवण्याआधी रिमवर रंगाचे दोन हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावेत. उरलेले स्प्रे कॅनही त्याच गार खोलीत ठेवावेत. 50 अंशांपेक्षा जास्त तापमानात ते फुटू शकतात आणि नवतपात, म्हणजे मे-अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, टिनाखालची खोली त्या आकड्याच्या फार जवळ जाते.