महाविद्यालयातील विभागांचा आणि कार्यालयाचा इतिहास कसा लिहावा

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली किंवा सुवर्णमहोत्सव तोंडावर आला की प्रत्येक विभागाकडे परिपत्रक जातं: विभागाचा इतिहास दोन पानांत द्या. मुदत आठवड्याची असते. विभागप्रमुख जुन्या अहवालातली पानं काढतात, शेवटी चार ओळी जोडतात आणि मजकूर पाठवून देतात. मूळ मजकुरात एखादं साल चुकलेलं असेल तर ते प्रत्येक अहवालात पुढे जात राहतं आणि काही वर्षांनी त्यालाच परंपरा म्हणतात. हे टाळायचं असेल तर काम दप्तरातून सुरू करावं लागतं. त्यासाठी किमान एक शैक्षणिक वर्ष हाताशी ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो स्थापनेच्या सालाचा. खरं तर विभागाला एकच जन्मतारीख नसते, चार असतात: संस्थेच्या नियामक मंडळाने विषय सुरू करण्याचा ठराव केला ती, विद्यापीठाचं संलग्नतेचं पत्र आलं ती, पहिला वर्ग भरला ती आणि त्या विषयाचं स्वतंत्र पूर्णवेळ पद भरलं गेलं ती. या चारांत कित्येक वर्षांचं अंतर पडू शकतं. मानसशास्त्राचा एखादा पेपर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकच शिकवत, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र 'बायॉलॉजी' या एकाच पाटीखाली असत. शिवाय विषय आधी जनरल (पदवीच्या इतर विषयांपैकी एक) म्हणून येतो, मग स्पेशल (मुख्य विषय) होतो, मग एम.ए. किंवा एम.एस्सी. सुरू होतं. म्हणून 'विभागाची स्थापना १९६४' असं लिहून सोडून देऊ नका. १९६४ साली नेमकं काय झालं ते लिहा आणि चारही तारखांसाठी वेगळे रकाने ठेवा. एखादी सापडली नाही तर तो रकाना रिकामा राहू द्या. अंदाजाने भरू नका.

दुसरं काम संलग्नतेची साखळी लावण्याचं. तुमच्या महाविद्यालयाचे जुने कागद कोणत्या विद्यापीठाकडे असतील हे त्यावर ठरतं. सोलापूरचं दयानंद महाविद्यालय घ्या. ते १९४० साली सुरू झालं तेव्हा मुंबई विद्यापीठाकडे होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं, १९६२ मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आलं आणि २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. म्हणजे एकाच महाविद्यालयाचा पत्रव्यवहार चार विद्यापीठांत विखुरलेला. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० चं, निजामाचं राज्य संपल्यानंतरचं. तरीही ते आधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं, १९५८ नंतर मराठवाडा विद्यापीठाला आणि १९९४ नंतर नांदेडच्याच विद्यापीठाला. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्यामुळे त्याआधीच्या नागपुरी महाविद्यालयांचा माग कोलकाता आणि अलाहाबादपर्यंत जातो. गोव्यात १९६२ साली सुरू झालेली महाविद्यालयं १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईकडे होती. विद्यापीठाचं नाव लिहिताना त्या वर्षी जे नाव होतं तेच लिहा: १९७० च्या पदवीपुढे 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' लिहिणं चूक आहे, ते नाव २०१४ चं. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या वार्षिक कॅलेंडरांत संलग्न महाविद्यालयं आणि त्यांचे अध्यापक यांची माहिती मिळते. जुन्या महाविद्यालयांसाठी एवढा भरवशाचा छापील आधार दुसरा नाही.

आता मुख्य काम, रजिस्टरांचं. कार्यालयाच्या माळ्यावर काय आहे ते आधी उतरवून फक्त यादी करा, वाचायला बसू नका. मस्टर (कर्मचाऱ्यांचा हजेरीपट), पगारपत्रकं, सेवापुस्तकं, जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांची प्रवेशनोंद), आवक-जावक (आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद), कॅशबुक, डेडस्टॉक (टिकाऊ सामानाची नोंद), नियामक मंडळाची इतिवृत्तं, ग्रंथालयाची दाखलनोंद वही आणि वार्षिक अंक. प्रत्येक वहीचा पहिला आणि शेवटचा दिनांक टिपा. कोणत्या वर्षांच्या वह्या नाहीतच हे तेव्हाच कळतं. नदीकाठच्या गावांत पुराने दप्तरं गेलेली असू शकतात: पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, सांगली-कोल्हापुरात २०१९ चा. ती वर्षं भरून काढायला संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयाची प्रत, विद्यापीठाची प्रत आणि लेखापरीक्षकाचा अहवाल असे तीनच मार्ग उरतात.

विभागाच्या जन्माचा सगळ्यात बोलका पुरावा बहुतेक वेळा ग्रंथालयात सापडतो. दाखलनोंद वहीत दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, विक्रेता, किंमत आणि वर्गांक असे रकाने असतात. वर्गांकाच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली या. वर्षानुवर्षं ९१० च्या, म्हणजे भूगोलाच्या, घरातलं एखादंच पुस्तक दिसतं आणि मग एका जूनमध्ये सलग तीस-चाळीस नोंदी भूगोलाच्या येतात, त्यात एकाच पाठ्यपुस्तकाच्या पाच-पाच प्रती. तिथे भूगोल सुरू झाला. आता त्याच वर्षीचं डेडस्टॉक उघडा. नकाशे, पृथ्वीचा गोल, प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास यांची खरेदी दिसली तर प्रात्यक्षिकंही त्याच वर्षी सुरू झाली असं म्हणता येतं. त्यांची खरेदी दोन वर्षांनी दिसली तर पहिल्या तुकड्यांची प्रात्यक्षिकं कुठे झाली हा प्रश्न उरतो. तो लिहून ठेवा.

मस्टर वाचताना नुसती नावं उतरवू नका. नावांचा क्रम बहुधा ज्येष्ठतेचा असतो, त्यामुळे विभागप्रमुखपद कोणाकडून कोणाकडे गेलं याचा अंदाज क्रमावरून येतो. खात्री मात्र आदेशाच्या जावक प्रतीवरूनच करा. 'प्रभारी' हा शब्द दिसला तर तो गाळू नका. प्राचार्यांच्या यादीतून प्रभारींना वगळलं की सलग दोन-तीन वर्षं महाविद्यालयाला प्राचार्यच नव्हते असं चित्र उभं राहतं. पदनामंही त्या काळचीच ठेवा: ट्यूटर, डेमॉन्स्ट्रेटर, अधिव्याख्याता. डेमॉन्स्ट्रेटरला आजच्या पद्धतीने सहायक प्राध्यापक लिहिलं तर विभागातल्या पदांची मोजणीच फसते.

१९७५ या सालाजवळ थांबून बारकाईने पाहा. दहा अधिक दोन अधिक तीन (शाळेची दहा, कनिष्ठ महाविद्यालयाची दोन आणि पदवीची तीन वर्षं) हा आकृतिबंध आला, जुनी अकरावीची शालान्त परीक्षा गेली, प्री-डिग्री आणि इंटरचे वर्ग टप्प्याटप्प्याने संपले आणि कनिष्ठ महाविद्यालयं उभी राहिली. त्या चार-पाच वर्षांतले विद्यार्थिसंख्येचे आकडे आधीच्या आकड्यांशी सरळ जोडता येत नाहीत. प्रथम वर्षाची संख्या अचानक घसरलेली दिसली तर विभाग ओस पडला असा निष्कर्ष काढू नका, वर्गच बदललेले असतात. आस्थापनाही दुभंगली: कनिष्ठचे पगार शालेय शिक्षणाच्या बाजूने, वरिष्ठचे उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून. तेव्हापासून कागदपत्रांचे दोन गठ्ठे शोधावे लागतात.

कार्यालयाचा इतिहास हा या साऱ्या लेखनातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. स्मरणिकेत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक सामूहिक फोटो येतो आणि विषय संपतो. हा अन्याय आहे. महाविद्यालयाला त्या त्या काळात काय काय करावं लागलं हे कार्यालयाच्या टेबलांवरून कळतं. सुरुवातीला एक मुख्य लिपिक आणि एक शिपाई एवढ्यावर भागायचं. पुढे आस्थापना, लेखा, प्रवेश, शिष्यवृत्ती आणि परीक्षा ही टेबलं वेगळी झाली. प्रत्येक टेबल कधी वेगळं झालं ते आवक-जावक रजिस्टरात दिसतं, कारण फाइल क्रमांकांची नवी मालिका सुरू होते. ते का वेगळं झालं हेही लिहा. बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद) आली, शिष्यवृत्तीचे अर्ज वाढले, स्वायत्तता मिळाली आणि परीक्षा नियंत्रकाचं कार्यालय उभं राहिलं, हाताने लिहिलेल्या पगारपत्रकाच्या जागी सेवार्थ ही संगणकीय पगारप्रणाली आली, शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर गेले. समित्यांचंही तसंच: १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातली स्थानिक व्यवस्थापन समिती २०१६ च्या कायद्याने महाविद्यालय विकास समिती झाली. जुन्या इतिवृत्तातल्या समितीला नवं नाव लावू नका. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची आहे. त्याआधीच्या श्रमदान शिबिरांना 'एनएसएसचं शिबिर' म्हणू नका.

कागद हाताळून झाले की मगच माणसांकडे जा. निवृत्त प्राध्यापकांकडे सगळेच जातात, तुम्ही प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातले परिचर आणि मुख्य लिपिक यांनाही गाठा. 'साल कोणतं?' असं विचारलं तर बहुतेकदा चुकीचं उत्तर मिळतं. 'बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?', 'कोयनेच्या भूकंपाच्या वेळी प्रयोगशाळा कुठे होती?', 'किल्लारीच्या वेळी प्राचार्य कोण?' असं विचारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, त्यामुळे उत्तराला आपोआप तारीख चिकटते. सोबत जुना फोटो न्या. मागची भिंत, खिडकी, पाटी यावरून बोलणं सुरू होतं. तोंडी माहिती मजकुरात घेताना ती तोंडी आहे असं तिथेच लिहा.

नोंदीची पद्धत एकच ठेवा: घटना, शैक्षणिक वर्ष, तारीख, पुरावा, पान क्रमांक. शैक्षणिक वर्ष जूनचं, हिशेबाचं वर्ष १ एप्रिलचं. एप्रिल १९७२ ची खरेदी हिशेबात १९७२-७३ मध्ये पडते, पण वर्ग मात्र १९७१-७२ चे चालू असतात. एका वर्षाची चूक बहुधा इथेच होते.

जनरल रजिस्टरात विद्यार्थ्यांची जात, जन्मतारीख, पत्ता असतो. त्यातून फक्त एकूण आकडे काढा, पानांचे फोटो छापू नका. सेवापुस्तकातल्या शिस्तभंगाच्या नोंदींनाही हाच नियम.

जीर्ण पानं स्कॅनरच्या फीडरमध्ये घालू नका, सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा किंवा वरून फोटो घ्या. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. टेप पिवळी पडते आणि शाई घेऊनच निघते. फाइलचं नाव 'वही-वर्ष-पान' असं द्या. स्कॅनचा एक संच कार्यालयात, एक ग्रंथालयात आणि एक संस्थेकडे ठेवा. मूळ वह्या तपासून झाल्यावर त्यांची यादी प्राचार्यांच्या सहीने करून घ्या, म्हणजे पुढच्या रद्दीच्या लिलावात त्या जाणार नाहीत.