घोड्यांचा कळप हाकायला रँचवर जाताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात हिवाळाभर शेकडो घोडे मोकळ्या माळावर सोडलेले असतात. उन्हाळ्यात हेच घोडे पर्यटकांच्या रँचवर (गुरं-घोडे पाळायच्या मोठ्या कुरणांवर) आणि मुलांच्या शिबिरांत कामाला जातात. त्यासाठी वसंतात त्यांना शोधून गोळा करायचं, हाकत रँचवर आणायचं, नाल ठोकायचे आणि मग वाटून द्यायचं, असा तिथला दरवर्षीचा क्रम आहे. माँटाना, वायोमिंग आणि कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यातही असे कळप हलवले जातात. काही रँचवाले पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांना या कामात सामील करून घेतात. मी दोनदा जाऊन आले. त्यानंतर पुण्या-मुंबईहून आणि इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडूनही बरेच फोन आले. बहुतेकांची समजूत अशी, की ही घोडेस्वारीची सहल आहे. खरं तर ते काम आहे. तुम्ही त्यात मदतनीस म्हणून असता आणि घोडा हे त्या कामाचं साधन असतं. पुढच्या बहुतेक चुका ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच होतात.

फॉर्मवर "येतं" असं लिहून टाकणं

माथेरानला घोडेवाल्याने दोरी धरून फिरवलं, ही घोडेस्वारी नाही. क्लबच्या रिंगणात वीस तास बसलात तर चांगली सुरुवात झाली, पण एवढ्यावर भागत नाही. रँचच्या फॉर्मवर तुमची पातळी विचारतात ती तुम्हाला कोणता घोडा द्यायचा हे ठरवण्यासाठी. तिथे एक पायरी वाढवून लिहिलं, तर तुमच्या मांडीखाली तेवढाच तापट घोडा येतो.

स्वतःला चार प्रश्न विचारा. उघड्या मैदानात, बाकीचे घोडे पुढे पळत असताना, मला माझा घोडा थांबवता येतो का? दुडक्या चालीत खोगीर न धरता दहा मिनिटं बसता येतं का? उतारावर मांड पक्की राहते का? सहा तासांनंतर पुन्हा उतरून चढता येतं का? यातल्या एकाचंही उत्तर "नाही" असेल तर निघण्याआधी तीन-चार महिने, आठवड्यातून दोनदा तरी बसा. वजनही खरं लिहा. बऱ्याच ठिकाणी ९० ते ११० किलोच्या दरम्यान कुठेतरी मर्यादा असते. वेस्टर्न खोगीरच १३ ते १८ किलोचं असतं आणि घोड्याला ते दिवसभर वाहायचं असतं. दोन किलो कमी लिहून आपलं काम साधेल, पण भोगणार तो मुका जीव.

आपल्याकडच्या क्लबात शिकलेल्यांची एक अडचण ठरलेली असते. आपल्याला लगाम दोन्ही हातांत धरायची, घोड्याच्या तोंडाशी सतत हलका ताण ठेवायची सवय असते. रँचचा घोडा ढिल्या लगामावर, एका हाताने चालवला जातो. लगाम मानेला टेकवला की तो वळतो. ताण ठेवलात तर तो डोकं झटकत राहतो आणि आपल्याला वाटतं घोडा खोडकर आहे. हात पुढे सोडा, बहुतेक वेळा डोकं झटकणं तिथेच थांबतं.

सामानात नेमकं चुकीचं भरणं

ट्रेकिंगचे बूट घालून जाऊ नका. जाड, खाचांच्या तळव्याचा बूट रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) अडकतो आणि पडल्यावर पाय सुटला नाही तर घोडा माणसाला फरफटत नेतो. तळवा गुळगुळीत आणि टाच दीड-दोन सेंटीमीटर उंच, असा बूट हवा. पाठीवर सॅक नको. ती दुडकीत आपटत राहते आणि पडलात तर मणक्याला इजा होते. सैल स्कार्फ नको. रँचचे लोक हॅट घालतात म्हणून तुम्हीही हॅटवर भागवू नका, हेल्मेट घाला. जीन्सची आतली जाड शिवण दुसऱ्याच दिवशी मांड्या सोलते. म्हणून आतून सायकलवाल्यांची पॅड असलेली चड्डी किंवा घट्ट लेगिंग घाला. पहिल्या संध्याकाळीच लालसर झालं असेल तर व्हॅसलीन लावा किंवा टेप मारा, फोड येईपर्यंत थांबू नका.

हवामानाकडे दुर्लक्ष करू नका. कोलोरॅडोचा हा भाग साधारण १,९०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही (१,६४६ मीटर) वर. मे महिन्यातही सकाळी खोगिरावर दहिवर गोठलेलं असतं, दुपारी ऊन भाजतं आणि मधेच बर्फाची भुरभुर येऊन जाते. हवा कोरडी असल्यामुळे तहान कळत नाही. डोकं दुखायला लागलं तर आधी पाणी प्या.

रेनकोटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्याने होणारे अपघात सहज टाळता येतात. पाऊस आला की माणूस घोड्यावर बसल्या बसल्याच रेनकोट उघडतो. तो फडफडतो, सळसळतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी मोठं झेपावताना दिसलं की घोडा बुजतो. तुमचे दोन्ही हात त्या क्षणी बाह्यांत अडकलेले असतात. त्यामुळे खाली उतरा, घोड्याला रेनकोट हुंगू द्या, मग अंगात घाला. चिक्कीचं करकरणारं वेष्टनसुद्धा घोड्यावर बसून उघडू नका. मी चिक्की घरीच कापडी पुरचुंडीत बांधून नेते.

कळपाला गुरांसारखं समजणं

हा भाग नीट वाचा. सगळ्या सहलीचं मर्म इथे आहे.

गुरं चालतात, घोडे पळतात. त्यामुळे कळप "हाकायचा" म्हणजे मागून ओरडत पिटाळायचा, असं समजून गेलात तर पहिल्याच तासात काम बिघडेल. प्रत्येक जनावराभोवती न दिसणारं एक वर्तुळ असतं. तुम्ही त्याच्या आत शिरलात की जनावर दूर सरकतं, बाहेर आलात की थांबतं. दुसरी गोष्ट खांद्याची. तुम्ही खांद्याच्या रेषेमागे असाल तर जनावर पुढे जातं, रेषेपुढे आलात तर ते मागे वळतं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या टेंपल ग्रँडिन यांनी गुरांच्या बाबतीत हे फार सोपं करून मांडलं आहे. घोड्यांनाही तेच लागू पडतं, फक्त सगळं दुप्पट वेगाने घडतं.

प्रत्येक स्वाराला म्हणूनच जागा नेमून देतात. सर्वांत पुढचे पॉइंट, बाजूचे फ्लँक, मागचे ड्रॅग. पुढचे दिशा आणि वेग ठरवतात, बाजूचे कळपाची कड धरतात, मागचे रेंगाळणाऱ्यांना सोबत आणतात.

पहिल्या वर्षी मी डाव्या फ्लँकला होते. एका ओढ्याच्या उतारावरून कळप खाली येत होता. आधी नुसती धूळ दिसली, मग पायाखालची जमीन थरथरू लागली, आणि धुळीतून एक म्हातारी कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी बाहेर आली. काळी आयाळ, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. तिच्या मागोमाग सगळे. मला राहवलं नाही. नीट दिसावं म्हणून मी माझा घोडा दहा-बारा पावलं पुढे काढला. तिच्या खांद्याच्या पुढे. तिने एक कान माझ्याकडे वळवला, मान फिरवली, आणि तीस-चाळीस घोडी तिच्या पाठोपाठ ओढ्यातून पलीकडच्या टेकडीवर निघून गेली. ती परत आणायला चार रँग्लरना (घोडे सांभाळणाऱ्या रँचच्या माणसांना) तासाहून जास्त वेळ लागला, त्यांचे घोडे घामाने निथळत होते. कुणी मला बोललं नाही. संध्याकाळी त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाने जमिनीवर काडीने घोडीचं चित्र काढलं, खांद्यावर रेघ ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. ती रेघ मी विसरलेले नाही.

तेव्हा कळप नीट चालत असेल तर तुम्ही काहीही करायचं नाही. आपल्या जागी राहायचं, अंतर राखायचं. घोडं फुटून बाहेर आलं तर सरळ त्याच्यामागे धावू नका, त्याने ते आणखी लांब जातं. मोठा वळसा घेऊन त्याच्या बाहेरच्या अंगाला या, मग ते आपोआप कळपाकडे वळतं. तुम्ही ड्रॅगला असाल तर धूळ खावी लागते. तोंडाला रुमाल बांधा आणि नाराज होऊ नका. कळपातली शिंगरं आणि म्हातारी घोडी तुमच्याच भरवशावर असतात.

फोटो थांब्याच्या जागी काढा. चालत्या कळपात मोबाईल काढलात की एक हात, दोन्ही डोळे आणि सगळं लक्ष त्यात जातं. आणि वाटेत फाटक लागलं तर ते जसं होतं तसंच ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. पलीकडे कुणाची गुरं, कुणाचं पाणी आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

अडचण आली तर

*खोगीर एका बाजूला सरकतंय.* सकाळी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना बरेच घोडे छाती फुगवतात. दहा मिनिटं चालल्यावर तंग पुन्हा तपासा, जेवणानंतरही तपासा. सरकायला लागलंच असेल तर ताबडतोब आवाज द्या आणि उतरा. तोल सावरत पुढे जाऊ नका.

*घोडा आवरत नाही.* दोन्ही लगाम जोरात ओढलेत तर तो त्यावरच भार टाकून आणखी पळतो. एका हाताने खोगिराचं शिंग (पुढचा उंचवटा) धरा, दुसऱ्या हाताने एकच लगाम हळूहळू जवळ घ्या आणि त्याला वर्तुळात वळवा, वर्तुळ लहान करत न्या. भरधाव वेगात झटक्याने वळवू नका, घोडा कोसळू शकतो. हे घरी, संथ चालीवर शिकून जा.

*गुडघे दुखतात.* बहुतेकदा रिकीब आखूड असते. रिकिबीत उभं राहिल्यावर खोगीर आणि तुमच्यामध्ये चार बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. लाजू नका, रँग्लरला सांगून पहिल्याच दिवशी नीट करून घ्या. लांब दुडकीत सगळा वेळ बसून आपटत राहू नका. घोड्याच्या ठेक्यावर उठत-बसत राहा, त्याच्याही पाठीला आराम मिळतो.

*घोडा सारखा गवताला तोंड लावतो.* पहिल्यांदा मान खाली गेली तेव्हाच पाय मारून पुढे काढा. दोनदा चालवून घेतलंत की दिवसभर तेच.

कागद, पैसे, जेवण

भारतातून येणाऱ्यांनी हे विसरू नका: पैसे भरून पाहुणा म्हणून राहणं पर्यटक व्हिसावर चालतं. "राहणं-खाणं फुकट, बदल्यात काम करा" हे चालत नाही, मग पगार मिळो न मिळो. व्हिसाच्या मुलाखतीला महिनोन्महिने लागू शकतात, तारखा पाहूनच रँचला आगाऊ रक्कम द्या.

अमेरिकेत शिरताना शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का, हे कस्टम्सला सांगावं लागतं. पुण्यातल्या तबेल्यात वापरलेले बूट सोबत असतील तर खरं सांगा. आपल्याकडे गुरांना लाळ-खुरकूत होतो आणि तो तिथे जाऊ नये म्हणून ही काळजी आहे. बूट घासून, धुऊन, वाळवून न्या.

प्रवास विम्यात घोडेस्वारी वगळलेली असू शकते. कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्चही विचारा. कोलोरॅडोसह बहुतेक राज्यांत घोड्यांच्या अंगभूत धोक्यांची जबाबदारी स्वारावर टाकणारा कायदा आहे. रँचवर पोचल्यावर ज्या कागदावर सही मागतात तो वाचूनच सही करा. कामगारांसाठी १५ ते २० टक्के टीप द्यायची पद्धत आहे, ती आधीच हिशेबात धरा.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि "बीन्स चालतील" एवढ्यावर थांबू नका, त्या बीन्समध्ये बहुधा डुकराचं मांस असतं. मेतकूट, भाजके शेंगदाणे, गूळ जवळ असू द्या.

शेवटच्या फाटकाशी

रँचचं मोठं कुंपण दिसलं की पाहुण्यांचे खांदे ढिले पडतात, कुणी टाळ्या वाजवतं, कुणी पुढे जाऊन फोटोसाठी उभं राहतं. कळप सगळ्यात जास्त ताणलेला असतो ती वेळ हीच. मोकळ्या माळावरून आलेल्या घोड्यांना अरुंद तोंडातून आत जायचं असतं. पुढचा घोडा बिचकला तर मागचे सगळे उलटे फिरतात, आणि उलटे फिरले तर तुमच्याच दिशेने येतात. आपल्या जागेवर थांबा, आवाज करू नका, घोड्याचं तोंड कळपाकडे ठेवा. शेवटचं शिंगरू आत गेल्यावर आणि फाटकाची साखळी अडकवल्याचा आवाज आल्यावरच खाली उतरा. उतरताना शिंग धरून ठेवा, कारण सहा तासांनी गुडघे एकदम दुमडतात. मग तंग दोन भोकं सैल करा आणि आधी घोड्याला पाणी पाजा.