रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद? हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या या चुका टाळा

हृदयविकाराचा झटका टाळण्याविषयीची चर्चा बहुधा आहार आणि व्यायामापासून सुरू होते. माझ्या मते ती रोजच्या गोळीपासून सुरू व्हायला हवी, कारण सर्वांत महागात पडणारी चूक तिथे होते. वरचा रक्तदाब १६० असताना सुरू केलेल्या गोळीने तो काही महिन्यांत १२५ वर येतो, रुग्ण समाधानाने रिपोर्ट फाइलला लावतो आणि आता सगळे नॉर्मल आहे असे ठरवून गोळी परस्पर बंद करतो. वास्तविक तो १२५ चा आकडा गोळीमुळेच आलेला असतो. गोळी थांबली की दाब पुन्हा चढू लागतो, आणि दुखत-खुपत काहीच नसल्याने ते कळतही नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचेही असेच होते. त्या औषधाने अंग दुखते अशी शंका असेल, तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा दुसरे औषध देऊ शकतात. मात्र त्यासाठी आधी त्यांना ते सांगावे लागते.

दुसरी चूक रक्तदाबाच्या घरच्या मोजमापात होते. जिना चढून आल्याबरोबर, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून आणि समोरच्याशी बोलत बोलत घेतलेला आकडा निरुपयोगी समजावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी आणि तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर असा ठेवावा, की उघड्या दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत; त्यांतला फक्त बरा आकडा लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल, तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

सिगारेट वीसवरून एकावर आणली म्हणजे धोकाही विसाव्या हिश्श्यावर आला, हा हिशेबही चुकीचा आहे. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्याला वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्यापैकी जवळपास निम्मा धोका येतो. त्यामुळे इथे कमी करणे पुरेसे नाही, सोडणेच भाग आहे. मिठाच्या बाबतीत मात्र कमी करण्याचाही उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही मर्यादा सांगितली आहे. खबरदारी म्हणून स्वतःच्या मनाने रोज ॲस्पिरिन घेऊ नये, कारण त्यातून पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांना ती डॉक्टरांनी लिहून दिली आहे, त्यांनी ती मनाने थांबवूही नये.

ईसीजी चांगला आला की अनेकजण निर्धास्त होतात. पडून काढलेला ईसीजी त्या काही सेकंदांतील हृदयाची विद्युत हालचाल दाखवतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थराविषयी त्यातून काही कळेलच असे नाही. शिवाय झटका येण्यासाठी वाहिनी आधीपासून अरुंद झालेली असावी लागते असेही नाही, कारण लहानसा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली, तरी प्रवाह अचानक बंद पडू शकतो. म्हणूनच छातीवर दाब, त्याबरोबर दरदरून घाम, जबडा किंवा डाव्या हाताकडे सरकणारी कळ, किंवा, विशेषतः स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये, नुसताच दम लागणे आणि मळमळणे जाणवले, तर गेल्या महिन्यातल्या ईसीजीच्या भरवशावर त्याला पित्त म्हणून घरी थांबू नये. लगेच रुग्णवाहिका बोलवावी आणि स्वतः गाडी चालवत रुग्णालयात निघू नये.