चवथीला भावंडांना अल्टिमेट मार्वल व्हर्सेस कॅपकॉम ३ शिकवायचा असेल तर

आमच्याकडे फोंड्याला चवथ म्हणजे पाच दिवस घरात पंधरा-वीस माणसं, पुढच्या खोलीत गणपती आणि त्याच्यावर टांगलेली फळाफुलांची माटोळी, मागच्या खोलीत जुना पीएस४ आणि सहा-सात भावंडं. फुटबॉलच्या गेमचा दोन दिवसांत कंटाळा येतो, मग कोणतरी म्हणतं तो मार्वलवाला लाव, आणि दरवर्षी तेच, ज्याला येतो तो जिंकत सुटतो आणि बाकीचे दहा मिनिटांत नेवऱ्या खायला स्वयंपाकघरात पसार. मला आधी वाटायचं गेमच असला आहे. थोडा आहेच, पण शिकवायचा क्रम पण चुकतो, मी चार चवथी चुकवला म्हणून सांगतोय.

मारामारीचा हा गेम २०११ च्या नोव्हेंबरचा, पीएस४ वर २०१६ च्या डिसेंबरात आला. एकीकडे मार्वलचे हल्क, वूल्व्हरिन, स्पायडरमॅन, दुसरीकडे कॅपकॉमचे र्‍यू, वेस्कर, हॅगर, सगळे धरून ५० जण, आणि प्रत्येकाने तिघांची टीम घ्यायची. सगळ्यात आधी टीव्हीच्या सेटिंगमधे जाऊन गेम मोड चालू करा. मोठ्या टीव्हीवर बटण दाबल्यावर फटका उशिरा पडतो आणि पोरं म्हणतात पॅड खराब, पॅड काय खराब नसतो.

पहिल्या दिवशी फक्त बटणं. सहाच आहेत, चार मारायची आणि दोन साथीदारांना बोलवायची. आम्ही घरात त्यांना हलका, मध्यम, जोरात आणि उडव म्हणतो. हलका-मध्यम-जोरात-उडव, मग वर दाबून उडी, वर परत मध्यम-मध्यम-जोरात-उडव, समोरचा दाणकन खाली. हे जवळजवळ सगळ्या पात्रांना चालतं आणि या गेमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. माझ्या मावसबहिणीची आठ वर्षांची पोर आहे, तिने दहा मिनिटांत हल्क घेऊन हे केलं आणि अख्खी खोली ओरडली. एकदा हे हाताला बसलं की पात्र बदलून बघायला मजा येते कारण प्रत्येकाचा स्वभावच वेगळा, फ्रँक वेस्ट फोटो काढून काढून ताकद वाढवतो, तो वकील फिनिक्स राइट मारामारी चालू असताना पुरावे गोळा करत फिरतो, कायच्या काय!

आता इथे थांबा. इथेच सगळे चुकतात, मी पण चुकलो, आणखी लांब कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेल्या फटक्यांची साखळी, शिकवायला घेतो. नको. कारण या गेमचा खरा दोष असा की एक फटका बसला की ज्याला येतं तो त्या एका फटक्यावरून तुमचं अख्खं पात्र संपवतो, आणि तोपर्यंत तुम्ही पॅड मांडीवर ठेवून बघत बसायचं. बरं पात्र मेलं म्हणून सुटका पण नाही, दुसरं वरून कोपऱ्यात उडी मारून येतं आणि समोरचा खाली वाटच बघत असतो, डावीकडून मारणार की उजवीकडून की धरून आपटणार ते तुम्ही ओळखायचं. चुकलं की दुसरंही गेलं. नवीन माणूस कंटाळतो तो इथे, हरल्यामुळे नाही, हातात काहीच नसल्यामुळे.

म्हणून दुसरा दिवस पूर्ण बचावाचा. मागे दाबलं की ब्लॉक होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ब्लॉक करताना हलका, मध्यम, जोरात यांतली कुठलीही दोन बटणं एकदम दाबली की समोरचा लांब ढकलला जातो हे कोणाला माहीत नसतं. हे शिकवाच. ट्रेनिंग मोडमधे एकाने नुसतं मारत राहायचं, दुसऱ्याने नुसतं ब्लॉक करून ढकलायचं, पाच मिनिटं, मग अदलाबदल. तसंच कोणी जवळ येऊन धरायला बघतोय वाटलं तर मागे आणि जोरात एकदम, वेळ जुळली तर पकड सुटते. वरून येणाऱ्या पात्राचा सराव वेगळा करा, त्याला हवेत पण ब्लॉक करता येतो पण पकड ब्लॉक होत नाही, त्यामुळे समोरच्याच्या पायाकडे बघायचं, तो उडी मारून जवळ आला तर बहुतेक पकडणारच. बहुतेक म्हटलंय हां, माझा दादा मुद्दाम उलटं करतो.

मग साथीदार. बटण दाबलं की मागचा येतो, एक फटका मारून जातो, आणि पोरांना ते इतकं आवडतं की दर सेकंदाला बोलावतात. आता समोरच्याने तुम्हाला आणि त्या आलेल्याला एकत्र धरलं तर दोघंही एकाच कॉम्बोत जातात, जगभर खेळणारे याला हॅपी बर्थडे म्हणतात. आमच्याकडे तसं झालं की सगळे टाळ्या वाजवून खरंच गाणं म्हणतात आणि ज्याचं झालं तो रागाने लाल. उपाय सोपा, आपण स्वतः ब्लॉकमधे किंवा लांब असतानाच बोलवा, मार खाता खाता नाही.

टीम सिनेमा बघून निवडू नका. सगळ्यांना आयर्न मॅन हवा असतो, आणि या गेममधला आयर्न मॅन नवख्याच्या हाताला लवकर बसत नाही. मी सुरुवातीला पुढे हल्क, मधे हॅगर, शेवटी वेस्कर देतो. हल्कचे काही फटके मार खाऊनही थांबत नाहीत, हॅगर दोन्ही हात पसरून गरागरा फिरतो आणि जवळ चिकटलेल्याला उडवतो, आणि वेस्कर शेवटी कारण एक्स-फॅक्टर. हे म्हणजे मारायची चारही बटणं एकदम दाबली की थोडा वेळ पात्राची ताकद आणि वेग वाढतो, मॅचमधे एकदाच, आणि तुमची जितकी कमी पात्रं उरली असतील तितका जास्त जोर. लहान पोरं घाबरून चारही बटणं दाबतात आणि पहिल्या दहा सेकंदांत तो वाया. त्यांना सांगा, एकच पात्र उरलं की मगच. हरत आलेला माणूस यामुळे एकदम जिंकू शकतो, काहींना हा अन्याय वाटतो, मला वाटत नाही, नाहीतर परत कोणी खेळायला बसलंच नसतं.

आमच्या घरचे नियम पण सांगतो. फिनिक्स बंद (ती जीन ग्रे, वकील चालेल). तिचा जीव सगळ्यात कमी, र्‍यूच्या निम्म्याहूनही कमी, पण मोठ्या चालींसाठी लढताना भरत जाणारे पाचही बार भरलेले असताना मेली तर डार्क फिनिक्स होऊन उठते आणि मग नवख्याचं काय खरं नाही. दुसरं म्हणजे सलग तीन जिंकला की उठायचं आणि सगळ्यांना चहा आणायचा.

एकट्याने खेळायला गेम रोडका आहे. गोष्ट अशी नाहीच, शेवटी गॅलॅक्टस येतो, त्याला हरवलं की दोन चित्रं आणि चार ओळी. मिशन मोड तेवढा कामाचा, प्रत्येक पात्राची दहा मिशनं, पण ते नुसते कॉम्बो शिकवतात, बचावाचं अक्षर नाही. ऑनलाइन तर सोडाच, त्यात रोलबॅक (नेटचा उशीर झाकणारी सोय) नाही, त्यामुळे नेट जरा हललं की बटणं चिखलातून दाबल्यासारखी, आमच्याकडे पावसात नेट हलतंच. आणि विकत घेणार असाल तर लक्षात ठेवा, २०१३ च्या डिसेंबरात परवान्यांमुळे हा गेम डिजिटल दुकानांतून चक्क गायब झाला होता आणि मग तीन वर्षांनी परत आला, त्यामुळे जुनी डिस्क असेल तर कोणाला देऊन टाकू नका.

पॅड आदल्या रात्रीच चार्जला लावा. आमच्याकडे लाईट जाते ती नेमकी घुमट आरती चालू असताना, आणि इन्व्हर्टरवर आधी गणपतीचे दिवे, मग पंखा, टीव्हीचा नंबर सगळ्यात शेवटी.