डोस वाढवण्याआधी हे तपासा: घरी इन्सुलिन घेताना

इन्सुलिन चालू आहे, जेवणही सांभाळलंय, तरी साखर कधी २८० तर कधी ६५. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो तो डोस वाढवायचा का, हा. त्याआधी बाटली, सिरिंज आणि टोचण्याची जागा या तीन गोष्टी नीट बघा. चूक बहुधा तिथेच सापडते.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. १० मिलीची काचेची बाटली बहुतेक वेळा ४०ची असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट आणि अख्ख्या बाटलीत ४००. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणारं ३ मिलीचं कार्ट्रिज सहसा १००चं. सिरिंजाही त्यानुसारच: ४०च्या सिरिंजचं टोपण लाल, १००चं नारिंगी. दुकानात लाल संपल्या म्हणून नारिंगी घेऊन आलात आणि नेहमीच्या सवयीने २०च्या रेघेपर्यंत भरलंत, तर ४०च्या बाटलीतून आत येतं ०.२ मिली, म्हणजे जेमतेम ८ युनिट. साखर चढत राहते आणि कारण कुणालाच उमगत नाही. उलटी चूक जिवावरची आहे. पेनच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ५० युनिट शरीरात जातात. म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीच काढू नका. लांब पल्ल्याच्या काही इन्सुलिनच्या बाटल्याही १००च्या असतात, तेव्हा बाटली दिसली की लाल टोपण असा हिशेब चालत नाही. लेबलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. नवी बाटली, नवं पाकीट आणलं की प्रत्येक वेळी दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

भरताना आधी हात धुवा. ३०/७० सारखं मिश्र इन्सुलिन ठेवून दिलं की पांढरा साका तळाला बसतो. बाटली दोन्ही तळव्यांत धरून वातीसारखी दहा वेळा वळा, मग दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका, फेस येतो आणि माप चुकतं. सगळीकडे सारखा दुधाळ रंग आला पाहिजे. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून बर्फासारखा थर धरला, तर ती बाटली टाकून द्या. नितळ इन्सुलिन मात्र नितळच हवं; ते गढूळ दिसलं तर वापरायचं नाही. मग जितके युनिट काढायचे तितकीच हवा सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडा. हवा न सोडता ओढत राहिलं की बाटलीत पोकळी होते, दट्ट्या जड जातो आणि बुडबुडे येतात. बुडबुडा कातडीखाली गेला तर अपाय होत नाही, पण तो इन्सुलिनची जागा खातो. टिचकी मारून वर आणा, परत बाटलीत ढकला आणि माप पुन्हा बघा.

पोटावर बेंबीभोवती दोन-तीन बोटं जागा सोडून टोचा. मांडीची वरची बाहेरची बाजू आणि नितंबही चालतात, पण पोटावरून इन्सुलिन लवकर शोषलं जातं, मांडीवरून सावकाश. म्हणून सकाळी पोट, रात्री मांडी असं ठरवून करा. मनाला येईल तसं बदलू नका. सिरिंजने घेताना कातडीची चिमूट धरा, टोचा, दट्ट्या पूर्ण दाबा, दहापर्यंत मोजा आणि मगच सुई काढा. पेन असेल तर प्रत्येक वेळी आधी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब दिसतो का बघा. टोचल्यावर जागा चोळू नका.

आता गाठींबद्दल, कारण याकडे फारसं कुणी बघतच नाही. रोज त्याच जागी टोचलं की कातडीखालची चरबी वाढून तिथे रबरासारखा उंचवटा येतो. तिथे दुखतं कमी, म्हणून हात आपोआप पुन्हा तिथेच जातो. पण गाठीतून इन्सुलिन एके दिवशी नीट शोषलं जातं, दुसऱ्या दिवशी नाही. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट आणि मांड्या चाचपून बघा; ओल्या, निसरड्या बोटांना गाठ चटकन कळते. पोटाचे मनातल्या मनात चार भाग करा, दर आठवड्याला एक भाग घ्या आणि दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवा. एक धोका मात्र लक्षात असू द्या: गाठीवरून एकदम चांगल्या जागी आलात, तर तोच डोस जास्त लागू पडून साखर उतरू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि ते दिवस साखर जास्त वेळा तपासा. तपासताना हात साबणाने धुवा. नुकताच आंबा चिरलेल्या बोटाचा आकडा खोटाच चढा येतो.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये किंवा त्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. उघडलेली बाटली सहसा २८ दिवस चालते. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात वीज जाते तेव्हा मातीच्या भांड्यात ओली वाळू घाला आणि घट्ट झाकणाच्या डबीत बाटली ठेवून ती वाळूत रोवा, सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, कारण पाणी उडतच नाही.

घाम, थरथर, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा गोंधळ जाणवला तर साखर बघा. ७०च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून लगेच द्या. साधी साखरही चालते, पण व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर ग्लुकोजच हवं, कारण त्या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात. पेढा, चॉकलेट देऊ नका. त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या, आणि सावरल्यावर पोळी-भाजी खायला घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

एकादशीला किंवा नवरात्रात जेवण नाही आणि इन्सुलिन मात्र नेहमीचं, हे साखर उतरण्याचं मोठं कारण. पण तापात किंवा उपवासाला इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणंही तितकंच घातक. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा मधुमेहात, तर जीव जाऊ शकतो. उपवासाच्या आधीच्या आठवड्यात डोस विचारून घ्या.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. डबा पाऊण भरला की झाकणाला चिकटपट्टी लावा, वर ठळक अक्षरांत ‘सुया’ लिहा आणि दवाखान्यात विचारून तिथे द्या, किंवा घंटागाडीवर वेगळा, सांगून हातात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई तो कचरा उपसणाऱ्याच्या हातात घुसते.