वॉशिंग मशीन दुरुस्ती: ग्राहकाच्या घरी जाण्यापूर्वी

वॉशिंग मशीन दुरुस्तीचे शिक्षण घेताना समोरचे यंत्र मोकळ्या जागेत, कोरडे आणि चारही बाजूंनी हात पोहोचेल असे ठेवलेले असते. ग्राहकाच्या घरी तेच यंत्र अरुंद कोपऱ्यात बसवलेले असते, आणि मागचे झाकण काढण्यासाठी ते पुढे ओढायचे म्हटले की आखूड पाइप किंवा गंजून घट्ट झालेला नळ आडवा येतो. फ्रंट लोड मशीनच्या टबला तर बहुधा काँक्रीटची वजने जोडलेली असतात, त्यामुळे ते एकट्याने सरकवताना आपली कंबर आणि ग्राहकाची फरशी दोन्ही सांभाळावी लागतात. सुटा भाग बदलायला त्या मानाने थोडाच वेळ लागतो. बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवण्यातच बराचसा वेळ जातो आणि मनस्तापही तिथेच होतो, असा माझा अनुभव आहे.

पाणी उपसले जात नसल्याचा एरर कोड हे याचे चांगले उदाहरण आहे. ग्राहकाने कोडचा अर्थ शोधलेला असतो, पंप खराब झाल्याचा निष्कर्ष काढलेला असतो आणि कधीकधी नवा पंप आणूनही ठेवलेला असतो. प्रत्यक्षात ठरावीक वेळेत टबमधील पाण्याची पातळी खाली गेली नाही, एवढेच तो कोड सांगतो. त्यामागे फिल्टरमध्ये अडकलेले नाणे असू शकते, दुमडलेला ड्रेन पाइप असू शकतो, घरातील सांडपाण्याची नळी तुंबलेली असू शकते किंवा पातळी मोजणाऱ्या प्रेशर स्विचची बारीक नळी साबणाच्या गाळाने बंद झालेली असू शकते. म्हणून प्रथम पसरट भांडे लावून पाणी थोडे थोडे काढावे आणि मगच फिल्टर पूर्ण सोडवावा, कारण भरलेल्या टबचा फिल्टर एकदम काढला तर सगळे पाणी खोलीभर पसरते. आतून केसांच्या पिना, बटणे, क्वचित लहान मुलाचा मोजाही निघतो, आणि तो पाहून घरातील मंडळींचा चेहरा पडतो तेव्हा आपण गप्प राहावे हे उत्तम.

सर्वांत त्रासदायक बिघाड म्हणजे आपण पोहोचलो की नाहीसा होणारा. कंपनामुळे सैल झालेला कनेक्टर, दमटपणाने बिघडणारे दरवाजाचे लॉक किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्डवरचा (यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या सर्किटवरचा) तडकलेला सोल्डर जोड कधी चालतो, कधी चालत नाही. आणि पूर्ण धुलाई होईपर्यंत थांबणे बहुतेक वेळा शक्य नसते. बिघाड झाल्याक्षणीचा व्हिडिओ काढून ठेवण्यास ग्राहकाला फोनवरच सांगितले, तर निम्मे काम सोपे होते. तरीही काही सापडले नाही तर तसे स्पष्ट सांगावे. अंदाजाने बोर्ड बदलून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण बोर्ड महाग असतो आणि दोष वायरिंगमध्ये असेल तर तक्रार पुन्हा आपल्याकडेच येते.

ग्राहक घाई करत असला तरी प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नये. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इन्व्हर्टर बोर्डच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, २३० व्होल्ट पुरवठ्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो, म्हणून थांबून तो उतरल्याची मल्टिमीटरने खात्री करावी.

अनेक फ्रंट लोड मशीनमध्ये टबचे दोन भाग कायमचे जोडलेले असल्यामुळे केवळ बेअरिंग बदलता येत नाही, पूर्ण टब घ्यावा लागतो. हा खर्च ऐकून ग्राहक चिडतो. रचना आपण केलेली नसली तरी समोर आपणच उभे असतो, त्यामुळे दुरुस्ती परवडणारी नसेल तर ते यंत्र पूर्ण खोलण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

‘तुम्ही हात लावल्यापासूनच हे सुरू झाले’ हे वाक्य प्रत्येक तंत्रज्ञाला कधी ना कधी ऐकावे लागते. त्यावर उपाय म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकासमोर मशीन एकदा चालवून पाहावे, गंज आणि तुटलेल्या खटक्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि दुरुस्तीनंतर पाणी भरणे, उपसणे व स्पिन ही तिन्ही कामे त्यांच्यादेखत करून दाखवावीत. पाइपच्या जोडांभोवती कोरडा कागद फिरवला की बारीक गळतीही लगेच कळते. कोणता भाग बदलला आणि कोणत्या भागाला हातही लावला नाही, या दोन्ही गोष्टी बिलावर लिहून त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी.